हिवाळी अधिवेशनातली भरती, घोटाळे आणि विधेयकांची चर्चा कशी फॉलो करायची

अधिवेशन सुरू झालं की अभ्यासिकेतल्या पोरापोरींचा एकच प्रश्न असतो, आपल्या भरतीचं सभागृहात काही निघालं का. आणि बहुतेक जण उत्तर शोधतात कुठे, तर विधानभवनाच्या पायऱ्यांवरच्या घोषणांच्या रीलमध्ये, नाहीतर संध्याकाळच्या बातम्यांत दोन नेते एकमेकांवर ओरडून राहिले असतात त्यात. तिथे काहीच हाती लागत नाही राजेहो. किती जागा रिकाम्या आहेत, चौकशी कुठवर आली, कोणाला निलंबित केलं, पैसे कोणाकडून वसूल करणार, हे सगळं सरकारला कागदावर लिहून द्यावं लागतं आणि तो कागद तुम्हाआम्हाला वाचता येतो, फक्त कुठे बघायचं ते माहीत पाहिजे. तेच इथे लिहितोय. अधिवेशन आपल्या दारात येतं आणि आपण मात्र रस्ते बंद आहेत, ट्रॅफिक जाम आहे एवढंच बोलत बसतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी हे पक्कं करा की नागपूरचं अधिवेशन कोणाची मेहरबानी नाही. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात लिहिलंय की सरकार दरवर्षी ठराविक काळ नागपूरला येईल आणि विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन इथे होईल, जुन्या मध्य प्रदेशची राजधानी असलेलं शहर ते स्थान सोडून महाराष्ट्रात आलं त्याच्या बदल्यातला शब्द आहे तो. पण दिवस कमी मिळतात. २०२३ ला ७ ते २० डिसेंबर होतं, २०२४ ला १६ ते २१ म्हणजे आठवडाभर सुद्धा नाही, त्यामुळे कोणता विषय कोणत्या आयुधातून, म्हणजे प्रश्न, लक्षवेधी की एखाद्या नियमाखालची चर्चा अशा कोणत्या मार्गाने आला ते बघणं फार महत्त्वाचं, कारण वेळ कमी असला की अर्धे विषय चर्चेला न येताच संपतात.

तर पहिलं काम, विधानमंडळाची वेबसाइट उघडा. दोन सभागृहं आहेत, विधानसभा २८८ आमदारांची आणि विधान परिषद ७८ जणांची, आणि दोघांचं कामकाज वेगळं छापून येतं. शिक्षक भरती, अनुदान, शाळा-कॉलेजातल्या नियुक्त्या असा विषय असेल तर परिषद आधी बघा, कारण तिथे ७ आमदार शिक्षक मतदारसंघातून आणि ७ पदवीधर मतदारसंघातून येतात, त्यात आपल्या नागपूर विभागाचे दोन्ही आहेत, आणि हे लोक अशा विषयांवर सातत्याने प्रश्न टाकतात. पोलीस, तलाठी, आरोग्य, जिल्हा परिषद असेल तर दोन्हीकडे शोधा.

सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे तारांकित प्रश्नांची, म्हणजे मंत्र्यांकडून सभागृहात तोंडी उत्तर मागणाऱ्या प्रश्नांची यादी. रोजची वेगळी पीडीएफ असते. त्यातला कोणताही एक प्रश्न काढून नीट वाचा, साचा ठरलेला आहे. वर विषय, खाली आमदारांची नावं (कधी एक, कधी पंधरा-वीस), मग सन्माननीय अमुक मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय, आणि त्याखाली भाग पडतात. (१) अमुक जिल्ह्यात अमुक पदांच्या भरतीत गैरप्रकार झाल्याचे अमुक महिन्यात वा त्यादरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत.

आता उत्तराकडे या. पहिल्या भागाला "हे खरे आहे" असं उत्तर आलं तर तो कागद जपून ठेवा, सरकारने स्वतःहून मान्य केलंय, पुढे माहिती अधिकारात किंवा कोर्टात तो तुमच्या बाजूचा चांगला आधार होतो. "हे अंशतः खरे आहे" आलं तर तिथे थांबा आणि दुसऱ्या-तिसऱ्या भागाचं उत्तर दोनदा वाचा, कारण कोणता अंश खरा आणि कोणता नाही ते तिथेच कुठेतरी एका वाक्यात असतं, बऱ्याचदा आकडा मान्य केलेला असतो पण जबाबदारी नाही, किंवा जबाबदारी खालच्या लिपिकावर टाकलेली असते आणि सही करणाऱ्या अधिकाऱ्याचा उल्लेखच नसतो. चौथ्या भागासमोर "प्रश्न उद्भवत नाही" दिसलं म्हणजे सरकार म्हणतंय उशीर झालाच नाही. तेव्हा तिसऱ्या भागातल्या तारखा वहीत उतरवा, तक्रार कधीची, समिती कधी नेमली, अहवाल कधी आला, गुन्हा कधी दाखल झाला, आणि मधलं अंतर तुम्हीच मोजा. उशीर झाला की नाही ते त्या तारखाच सांगतात, आपल्याला वरून काही बोलायची गरज पडत नाही.

शालार्थ आयडीचंच घ्या नं. २०२५ मध्ये नागपूर विभागात हे प्रकरण किती गाजलं ते सगळ्यांना माहीत आहे. शालार्थ म्हणजे शिक्षकांच्या पगाराची ऑनलाइन सिस्टीम, त्यात आयडी तयार झाला की सरकारी तिजोरीतून पगार सुरू, मग नेमणूक खरी असो की खोटी. अशा विषयावरचं उत्तर वाचताना नुसतं किती बोगस शिक्षक सापडले तेवढं बघून पीडीएफ बंद करू नका. नेमणुकीचा आदेश कोणत्या तारखेचा दाखवलाय, मान्यता कोणत्या कार्यालयाने दिली, आयडी कोणाच्या लॉगिनने बनला, पहिला पगार कधी निघाला आणि आजपर्यंत किती रक्कम वसूल झाली, या पाच गोष्टी उत्तरात आहेत का ते तपासा. २ मे २०१२ ला शिक्षक भरतीवर बंदी आली, नंतर शिक्षक भरतीचं ऑनलाइन पवित्र पोर्टल आलं, त्यामुळे मागची तारीख टाकण्याला अशा प्रकरणांत एवढं महत्त्व आहे, तारीख बघितल्याशिवाय प्रकरण समजतच नाही. ज्या पोरांनी टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) काढली, टेट (शिक्षक अभियोग्यता चाचणी) दिली, आणि तरी घरी बसून आहेत त्यांच्या वाट्याची जागा अशी जाते, म्हणून या तारखांचा मी एवढा पिच्छा पुरवतो.

प्रश्नोत्तराचा तास एकच, त्यात मोजकेच प्रश्न तोंडी चर्चेला येतात, बाकीच्यांची लेखी उत्तरं तशीच राहतात आणि पेपरात त्यांची दोन ओळींची बातमीही येत नाही. म्हणून पूर्ण यादी वाचा, खाली राहिलेल्या प्रश्नांत कितीदा जास्त चांगली माहिती निघते. जो प्रश्न चर्चेला आला त्याचं थेट प्रक्षेपण बघा, कारण लेखी उत्तरापेक्षा उपप्रश्नांत मंत्र्यांच्या तोंडून जास्त निघतं. ऐकताना क्रियापदावर लक्ष ठेवा. "तपासून घेऊ", "सकारात्मक विचार करू", "भावना लक्षात घेऊ" यातलं काहीच धरून ठेवता येत नाही. "एक महिन्यात अहवाल मागवू", "विभागीय आयुक्तांमार्फत चौकशी करू", "अधिवेशन संपायच्या आत बैठक घेऊ" हे धरता येतं. ही आश्वासनं आहेत, आणि सभागृहात दिलेलं आश्वासन पाळलं की नाही हे बघायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. वाक्य, मंत्र्यांचं पद, तारीख, सभागृह एवढं लगेच लिहून ठेवा. प्रश्न "राखून ठेवला" असं अध्यक्षांनी म्हटलं तर तो पुन्हा येऊ शकतो, तेही टिपून ठेवा.

बाकी आयुधांचं थोडक्यात सांगतो. लक्षवेधी सूचना ताज्या विषयासाठी, अधिवेशन सुरू असतानाही देता येते, त्यामुळे पेपर फुटला आणि आठ दिवसांत अधिवेशन आहे अशा वेळी आमदाराकडे लक्षवेधीच मागा, तारांकित प्रश्न आधी द्यावा लागतो, त्याची वेळ केव्हाच निघून गेलेली असते. विधानसभेत नियम २९३ आणि परिषदेत नियम २६० म्हणजे मोठी चर्चा, यात भ्रष्टाचार, शेतकरी, बेरोजगारी सगळं एकत्र येतं, भाषणं लांब होतात आणि मंत्र्यांचं उत्तर शेवटी येतं, कामाचं ते शेवटचं उत्तर. नियम ५७ किंवा परिषदेत २८९ असं ऐकू आलं तर विरोधक म्हणताहेत की ठरलेलं कामकाज बाजूला ठेवा आणि हा विषय आधी घ्या. बहुतेकदा ते फेटाळलं जातं आणि मग गोंधळ, वेलमध्ये (अध्यक्षांच्या आसनासमोरच्या जागेत) उतरणं, सभात्याग. टीव्हीवर दिवसभर तेच दाखवतात, पण त्याच दिवशी दुपारी शांतपणे दोन विधेयकं मंजूर झालेली असू शकतात, म्हणून गोंधळाच्या दिवशी कामकाजाचा क्रम मुद्दाम उघडून बघा.

नियुक्त्यांबद्दल अजून दोन जागा आहेत ज्या पोरं बघतच नाहीत. एक, एमपीएससीचा वार्षिक अहवाल. राज्यघटनेच्या कलम ३२३ नुसार आयोगाने तो राज्यपालांना द्यायचा, आणि सरकारने तो विधिमंडळापुढे ठेवायचा, सोबत आयोगाचा सल्ला जिथे मानला नाही त्याची कारणं देणारं निवेदन जोडायचं. आयोग काय म्हणाला आणि सरकारने काय केलं यातली तफावत इतकी स्पष्ट दुसरीकडे कुठे सापडणार? दुसरी जागा म्हणजे नेमणूक करणारी समिती. राज्य माहिती आयुक्तांची निवड माहिती अधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे मुख्यमंत्री, विधानसभेतला विरोधी पक्षनेता आणि एक कॅबिनेट मंत्री यांची समिती सुचवते, आणि मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नसेल तर सगळ्यात मोठ्या विरोधी गटाचा नेता तिथे बसतो. २०२५ च्या हिवाळी अधिवेशनात दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेता नव्हता, तर त्यावरून झालेला वाद फक्त खुर्ची आणि गाडीचा आहे असं समजू नका, कोणत्या समितीवर कोण बसतं हेही त्यात येतं.

आणि जीआर, म्हणजे शासन निर्णय, विसरू नका. ६ सप्टेंबर २०२३ ला नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घ्यायचा जीआर निघाला, राज्यभर पोरं रस्त्यावर आली आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला. म्हणजे एवढा मोठा भरतीचा निर्णय अधिवेशनात नाही तर एका जीआरने झाला होता. सभागृहात मंत्री काही म्हणाले की दुसऱ्या दिवसापासून शासनाच्या जीआर साइटवर तो विभाग टाकून शोधत राहा, जीआर निघाला तरच ते खरं झालं. तलाठी भरतीच्या वेळी तर दहा लाखांवर अर्ज होते, फी खुल्या वर्गाला हजार रुपये, आणि निकालात २०० पैकी २०० च्या वर मार्क दिसले तेव्हा किती गदारोळ झाला, कारण नॉर्मलायझेशन (वेगवेगळ्या शिफ्टचे मार्क एका पट्टीवर आणणं) कसं होतं ते आधी कोणी नीट समजावलंच नव्हतं. असा प्रश्न सभागृहात यावा असं वाटत असेल तर आमदाराला "घोटाळा झाला" एवढंच लिहून देऊ नका, सूत्र कोणतं वापरलं, शिफ्टनुसार सरासरी किती, हे मागणारे मुद्दे द्या.

घोटाळ्यांच्या बाबतीत कॅगचा, म्हणजे सरकारी खर्चाचं ऑडिट करणाऱ्या महालेखापरीक्षकांचा अहवाल हा पाया. तो कलम १५१ प्रमाणे विधिमंडळात ठेवावाच लागतो, पण बऱ्याचदा अधिवेशनाच्या अगदी शेवटी सभापटलावर येतो आणि त्यावर बोलायला वेळच उरत नाही. मग तो लोकलेखा समितीकडे जातो. ही समिती बंद खोलीत सचिवांना बोलावून विचारते, तिचे अहवाल कंटाळवाणे वाटतात पण अधिकाऱ्यांची उत्तरं त्यात सापडतात. विदर्भातल्या माणसाने गोसीखुर्द धरणाचं एकदा तरी वाचावं. १९८३ मध्ये मंजूर झाला तेव्हा ३७२ कोटींचा प्रकल्प, १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन, आणि नंतर खर्च हजारो कोटींवर गेला. २०१२ ला सिंचनाची श्वेतपत्रिका आली, त्या डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात सिंचनावरून रान पेटलं, मग चौकशीसाठी चितळे समिती नेमली. या प्रकरणातून एक गोष्ट शिका, आरोपाचा आकडा आणि कागदावरचा आकडा वेगवेगळ्या कॉलममध्ये लिहा. भाषणात मोठा आकडा येतो तो अनेकदा एकूण खर्चाचा असतो, गैरव्यवहाराचा नाही, आणि समोरचा नेमकं तेच धरून अख्खा विषय उडवून लावतो.

पुरवणी मागण्या, म्हणजे बजेटनंतर सरकार मागतं ते जादा पैसे, त्याही बघत चला. अधिवेशनाच्या सुरुवातीला येतात, २०२३ च्या डिसेंबरमध्ये ५५ हजार ५२० कोटींच्या होत्या. तुमच्या विभागाचं पान काढा, पगाराला पैसे मागितलेत की नवीन पदांना, ते तिथे दिसतं.

विधेयकं. इथे जरा थांबूया, कारण वादग्रस्त विधेयकावर मत सगळ्यांचं असतं आणि विधेयक वाचलेलं फार थोड्यांनी असतं. प्रत्येक विधेयकाला नंबर असतो, शेवटी "उद्देश व कारणे यांचे निवेदन" असतं. ते आधी वाचा, मग सरळ व्याख्यांच्या कलमावर जा. शिक्षेचं कलम सगळे वाचतात, बातम्याही त्याच्याच होतात, पण भांडण बहुतेक वेळा व्याख्येत असतं. जनसुरक्षा विधेयकाचं असंच झालं. जुलै २०२४ ला मांडलं, तेव्हा मंजूर झालं नाही, डिसेंबर २०२४ ला इथे नागपुरात पुन्हा मांडलं आणि दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, समितीकडे बारा हजारांवर सूचना आल्या, आणि जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. सरकारचं म्हणणं की शहरी नक्षलवादाला आळा घालायला वेगळा कायदा हवा, विरोध करणाऱ्यांचं म्हणणं की "बेकायदेशीर कृत्य" ची व्याख्या इतकी पसरट आहे की साधं आंदोलनही त्यात बसवता येईल. दोघांचं ऐका पण हातात मूळ मसुदा आणि समितीने बदललेला मसुदा दोन्ही ठेवा, कोणता शब्द गेला, कोणता आला, ते पेन्सिलने खुणा करत जा. विधानसभेत ते आवाजी मतदानाने मंजूर झालं आणि उघड विरोध माकपचे विनोद निकोले यांनी केला. म्हणून बाहेर विरोध करणाऱ्यांनी आत नेमकं काय केलं, भाषण केलं, दुरुस्ती सुचवली, पोल (मतांची मोजणी) मागितला की सभात्याग केला, हे वेगवेगळं बघा. सभात्याग केला म्हणजे विरोधात मत दिलं असं होत नाही.

अध्यादेश निघाला असेल तर तो अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत कायद्यात बदलावा लागतो, नाहीतर संपतो. डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर ऑगस्ट २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी अध्यादेश आला आणि त्याचा कायदा डिसेंबर २०१३ ला याच नागपूरच्या अधिवेशनात झाला, वर्षानुवर्षं रखडलेलं विधेयक होतं ते. आणि मंजूर झालं म्हणजे लागू झालं असं समजू नका. लोकायुक्त विधेयक विधानसभेने डिसेंबर २०२२ ला नागपुरात मंजूर केलं, परिषदेची मंजुरी मिळायला डिसेंबर २०२३ उजाडलं, म्हणजे अख्खं एक वर्ष. त्यात मुख्यमंत्रीही कक्षेत आले ही मोठी गोष्ट, पण त्यांच्या चौकशीसाठी विधानसभेच्या दोन तृतीयांश सदस्यांची मंजुरी लागते ही अटसुद्धा त्याच कायद्यात आहे, दोन्ही एकत्र वाचा. महिला आणि बालकांवरच्या अत्याचारांसाठीचं शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ ला मंजूर होऊन राष्ट्रपतींच्या संमतीसाठी गेलं आणि तिथेच अडकलं. पेपरफुटीचंही नीट समजून घ्या, केंद्राचा २०२४ चा कायदा, ज्यात ३ ते ५ वर्षं शिक्षा आणि संघटित गुन्ह्याला ५ ते १० वर्षं आणि किमान १ कोटी दंड आहे, तो केंद्राच्या परीक्षांना. राज्याच्या परीक्षांसाठी विधेयक वेगळं, ते जुलै २०२४ ला आलं. आपला पेपर फुटला तर कोणता कायदा लागतो ते माहीत नसेल तर निवेदनातच चूक होते आणि ते बाजूला पडतं.

प्रत्यक्ष जायचं असेल तर आमदाराच्या शिफारशीने प्रेक्षक गॅलरीचा पास मिळतो, मोबाइल आत नेता येत नाही, वही-पेन चालतं का ते गेटवरच विचारून घ्या. मोर्च्यात जाणार असाल तर शांतपणे जा, पोलीस अडवतील तिथे रेटारेटी करू नका. २३ नोव्हेंबर १९९४ ला याच शहरात, याच अधिवेशनावर आलेल्या मोर्च्यात चेंगराचेंगरी होऊन ११४ गोवारी बांधव गेले, झिरो माईलजवळचं त्यांचं स्मारक आपण रोज बघतो. लहान पोरं आणि म्हातारी माणसं सोबत असतील तर कडेला, मोकळ्या जागी ठेवा. शिष्टमंडळ मंत्र्यांना भेटायला गेलं तर निवेदनाची दुसरी प्रत न्या आणि त्यावर पोच घ्या, शिक्का, तारीख, सही. फोटो काढला आणि पोच घेतली नाही तर पुढे पाठपुरावा करायला हातात काहीच उरत नाही.

अधिवेशन संपलं, पेंडॉल निघाले, की साधारण महिनाभर थांबून माहिती अधिकाराचा अर्ज टाका. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, दहा रुपये फी, उत्तराला तीस दिवस. अर्जात मत लिहू नका. "दिनांक अमुक रोजी विधानसभेत तारांकित प्रश्न क्रमांक अमुकच्या उत्तरात चौकशी समिती नेमल्याचे सांगितले आहे. त्या समितीचा नियुक्ती आदेश, अहवालाची प्रत आणि अहवालावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत द्यावी." एवढं पुरे. जनमाहिती अधिकारी बरोबर निवडा, मंत्रालयातल्या कक्षाचा की नागपूरच्या उपसंचालक कार्यालयाचा, नाहीतर अर्ज इकडून तिकडे फिरत राहतो. उत्तर आलं नाही तर पहिलं अपील तीस दिवसांच्या आत.

आणि हे सगळं एका फाइलमध्ये लावून, प्रश्नाची पीडीएफ, आश्वासनाचं वाक्य, माहिती अधिकाराचं उत्तर, अशा क्रमाने, उत्तर हाती आलं की लगेच तुमच्या आमदाराच्या किंवा पदवीधर-शिक्षक आमदाराच्या ऑफिसात नेऊन द्या, त्यांच्या पीएला समोर बसवून दाखवा, आणि सांगा की मुंबईच्या बजेट अधिवेशनात याच उत्तरावर पुढचा तारांकित प्रश्न टाका, पहिल्या भागात जुन्या प्रश्नाचा नंबर आणि तारीख नक्की लिहा म्हणजे "माहिती घेऊन सांगतो" म्हणायला जागा राहत नाही.